चांगला माणूस नेमका कुठे घसरला, हे शोधायचं कसं

आधी माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी मी रोज ठाण्याहून दादरला यायचो, पास सेकंड क्लासचा. एका पावसाळी सकाळी सेकंडच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती, मी बाजूच्या फर्स्टमध्ये घुसलो आणि दारातच उभा राहिलो, छातीत धडधड, टीसी आला तर काय बोलायचं त्याची मनातल्या मनात प्रॅक्टिस चालू. कोणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात परत पाऊस, परत फर्स्ट. मग पाऊस नसलेल्या दिवशी पण, कारण पाठ दुखत होती. मग कारणच लागेना. दोनेक महिन्यांनी मी आरामात खिडकीत बसून मोबाइल बघत होतो आणि मुलुंडला एक काका मोठी पिशवी घेऊन चुकून चढले, तर मीच त्यांना म्हटलं, 'काका, फर्स्ट क्लास आहे हा.' ते बिचारे ओशाळून घाटकोपरला उतरले. मी परत मोबाइलमध्ये.

संध्याकाळी चहा पिताना ते आठवलं आणि घोट घशाखाली जाईना. काकांना बोललो याचं वाईट वाटलंच, पण जास्त हादरलो ते याला की बोलताना मला क्षणभर पण वाटलं नव्हतं मी खोटं बोलतोय म्हणून. मला खरंच वाटत होतं तो डबा माझा आहे.

तेव्हापासून नाटक असो, सिनेमा असो, पोथी असो, एखादा चांगला माणूस व्हिलन झाला की मी त्याच्यात हेच शोधतो, की ह्याला तो डबा आपला कधी वाटायला लागला. आणि हे शोधायची एक साधी रीत बसलीय हळूहळू, ती सांगतो. मी काही सायकॉलॉजीचा माणूस नाही, कॉलेजच्या पोरांबरोबर एकांकिका बसवतो, तालमीत जे उपयोगी पडलं तेवढंच लिहितोय.

पोरांची स्क्रिप्टं येतात ना, त्यात दरवर्षी एक तरी अशी असतेच की पान तीनवर सज्जन मुलगा, पान चारवर बाप मरतो, पान पाचवर हातात सुरा. आम्ही पण एकदा असलीच एक स्पर्धेत नेली होती आणि परीक्षक शांतपणे म्हणाले, बाप मेलेली माणसं मी पण बघितलीत, सगळी सुरा नाही घेत. खरंय की. मोठा प्रसंग सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही, तो फक्त धक्का असतो, आणि धक्का तर आपण दादरच्या पुलावर रोज खातो.

तर सगळ्यात आधी माणूस नीट निवडा. जो आधी चांगला होता याचा पुरावा गोष्टीतच आहे असा निवडा, लेखक म्हणतो म्हणून चांगला असला चालणार नाही, त्याने केलेलं एखादं चांगलं काम दाखवता आलं पाहिजे. पहिल्या प्रयोगाला कर्ण घेऊ नका प्लीज. आपल्याकडे कर्णावर इतकं मायेनं लिहिलं गेलंय की सभेत त्याने द्रौपदीबद्दल काय काय बोललं ते सांगायला गेलं तर लोक आपल्यालाच मारायला उठतात. त्यात त्याला स्वतःलाच नंतर त्याचा पस्तावा होतो, उद्योगपर्वात कृष्णाकडे तसं बोलून पण दाखवतो, म्हणजे केस गुंतागुंतीची आहे. नंतर घ्या.

मी अश्वत्थामा घेतो. आपली ओळख जुनी. आजी सांगायची, कपाळावरच्या जखमेला लावायला तेल मागत दारोदार फिरतो म्हणून, आणि रात्री बेल वाजली की मी पांघरुणात. पण कपाळावरची जखम शेवटची. आपल्याला सुरुवात पाहिजे. (नाटक-सिनेमाच्या रांगेत महाभारत कसं बसवता असं कुणी म्हणेल, तर इथे मी अश्वत्थाम्याला एक पात्र म्हणून वाचतोय, बाकी भांडण नको.)

आता वहीचं एक पान उभं दुमडा. डाव्या बाजूला 'काय केलं', उजव्या बाजूला 'काय म्हणाला'. बस. 'का केलं' असा तिसरा रकाना करायचा मोह होईल, तो करायचा नाही, तो केला की तुम्ही वकील होता किंवा जज होता, आणि दोघांनाही आधीच ठरलेलं सिद्ध करायचं असतं. दोनच रकाने, प्रसंग क्रमाने.

अश्वत्थाम्याच्या पानावर पहिली नोंद दुधाची. द्रोण गरीब, श्रीमंतांची पोरं दूध पितात म्हणून हा रडतो, तर ती पोरं त्याला पीठ कालवलेलं पाणी देतात आणि हा 'मी दूध प्यायलो' म्हणून नाचतो, आणि आजूबाजूची हसतात. आदिपर्वात स्वतः द्रोणच हे भीष्मांना सांगतो. ही झाली जखम. इथे नवशिका माणूस थांबतो आणि खुश होऊन लिहितो की बालपणीच्या अपमानातून सूडबुद्धी वगैरे. थांबू नका. कारण पुढच्या नोंदी बघा. विराटपर्वात कर्ण फुशारक्या मारतो तेव्हा त्याला झापणारा हाच. आणि कर्णपर्वात, दुःशासन मेल्यानंतर, दुर्योधनाचा हात हातात घेऊन 'पांडवांशी तह कर, पुरे झालं' असं सांगणाराही हाच. तेव्हा त्याचा बाप मारला गेलेला आहे, तोही शस्त्र खाली ठेवलेला असताना, तोही 'अश्वत्थामा मेला' अशी अर्धवट खोटी बातमी पसरवून. म्हणजे जखम पण झाली, मोठा प्रसंग पण झाला, आणि हा तरी तहाची भाषा बोलतोय! पान चार, पान पाच वाली थिअरी इथेच आडवी होते.

मग झालं काय?

इथे थोडं हळू जा, कारण माल सगळा सौप्तिकपर्वात आहे आणि ते अठराच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. दुर्योधन मांडी फुटून पडलाय, मरता मरता अश्वत्थाम्याला सेनापती करतो. सैन्य किती, तर दोन माणसं, कृपाचार्य आणि कृतवर्मा. तिघं जंगलात एका वडाखाली रात्र काढतात, दोघांना झोप लागते, ह्याला लागत नाही. वर फांद्यांवर कावळे झोपलेत. एक घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून मारून टाकतं. हा बघत बसतो.

माझ्या मते हा त्या कथेतला सगळ्यात भारी सीन, युद्धातला एकही बाण त्याच्यापुढे काही नाही. आल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला फुगीर बाहुलीला बदडायला लावलं, आणि ज्या मुलांनी ते पाहिलं ती मुलं नंतर स्वतः बाहुलीला तशीच बदडायला लागली. बघून शिकणं. राग अश्वत्थाम्याकडे होताच, त्याला कमी होती ती पद्धतीची, ती घुबडाने दिली. तर तुमच्या पात्राचं घुबड शोधा. त्याने ही गोष्ट कुणाला करताना पाहिली आणि त्या करणाऱ्याचं काही वाकडं झालं नाही असं कधी दिसलं? (माझं घुबड म्हणजे फर्स्टमध्ये रोज दिसणारा एक टाय लावलेला इसम, ज्याचा पास सेकंडचाच होता हे मला माहीत होतं.)

आता उजवा रकाना, खरं काम तिथे आहे. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये गुन्हे करणाऱ्या पोरांबद्दल लिहिताना एक फार कामाची गोष्ट मांडली, की ही पोरं चांगलं-वाईट न कळणारी नसतात, कळतं त्यांना, पण कळूनही करता यावं म्हणून त्यांच्याकडे पाच सबबी तयार असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, माझ्या हातात काय होतं, कुणाचं काय बिघडलं, त्याची तीच लायकी होती, तुम्ही कोण मोठे शहाणे लागून गेलात, आणि आपल्या माणसांसाठी केलं. कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसा, तासाभरात पाचही ऐकू येतील.

ह्या पाच सबबी घेऊन अश्वत्थाम्याच्या बोलण्यावर पेन्सिलीने खुणा करा. मामा त्याला सांगतो (कृपाचार्य म्हणजे सख्खा मामा, द्रोणाच्या बायकोचा भाऊ) की झोपलेल्यांना मारणं धर्मात बसत नाही, तर हा म्हणतो पांडवांनी धर्माचा पूल आधीच शंभर तुकडे करून टाकलाय. चौथी सबब, चोख. बापासाठी, राजासाठी, ही पाचवी. धृष्टद्युम्नाला लाथेने उठवतो, तो म्हणतो निदान शस्त्राने तरी मार, तर हा म्हणतो गुरूला मारणाऱ्याला शस्त्राचं मरण मिळत नाही, आणि तुडवून मारतो. तिसरी. छावणीच्या दारात शंकर त्याला तलवार देतो आणि त्याच्या अंगात शिरतो असं पण वर्णन आहे, आता ह्यात कथाकाराने त्याला पहिली सबब आयती देऊन टाकली का, ह्यावर आमच्याकडे एकदा दोन कटिंग होईपर्यंत वाद झाला.

पण एक सबब तो वापरतच नाही. दुसरी. कुणाचं काय बिघडलं, असं तो कधीच म्हणत नाही. उलट म्हणतो, ह्या पापामुळे पुढच्या जन्मी किडा झालो, पतंग झालो तरी चालेल, मारणारच. हे वाचून मला माझ्या डब्यातले ते लोक आठवले जे हिशोब करून बसलेले असतात, वर्षातून एकदा पकडला तर दंड भरू, तरी परवडतं. शिक्षा आगाऊ कबूल केली की माणूस मोकळा होतो. तर कुठली सबब आहे एवढ्यावर थांबायचं नाही, कुठली नाही ते पण बघायचं, पात्राचा स्वभाव त्या रिकाम्या जागेत सापडतो. जो खोटं बोलून स्वतःला फसवतो तो वेगळा माणूस, आणि जो सगळं समजून उमजून बिल भरायला तयार आहे तो वेगळा, आणि दुसरा जास्त भीतीदायक हे माझं मत.

ह्याला जोडूनच एक प्रश्न विचारायचा, ह्या माणसाला त्यातून मिळालं काय. लिऑन फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांचा १९५९ चा प्रयोग आहे, लोकांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम करायला लावलं, खुंट्या फिरवत बसायच्या, आणि मग पुढच्या माणसाला 'मस्त काम आहे' असं खोटं सांगायला लावलं, काहींना एक डॉलर देऊन, काहींना वीस. नंतर विचारलं तर वीसवाले सरळ म्हणाले बोअर होतं, एक डॉलरवाले म्हणाले तसं बरं होतं की काम. वीसवाल्याकडे खोटं बोलायला कारण होतं, एकवाल्याकडे नव्हतं, म्हणून त्याने आपलं मतच बदललं. म्हणजे ज्या व्हिलनला राज्य, पैसा, बाई असं काही घसघशीत मिळालंय तो आतून बऱ्यापैकी शाबूत असू शकतो, त्याला ठाऊक असतं आपण कशासाठी विकले गेलो. ज्याला काहीच मिळालं नाही त्याला मात्र आपण बरोबर होतो हे मानावंच लागतं, दुसरा रस्ता नाही. दोन माणसांच्या सैन्याच्या सेनापतीला काय मिळणार होतं?

पुढचं, अंतर मोजा. ह्यासाठी शेक्सपिअरचा मॅकबेथ घ्या, शिरवाडकरांचा 'राजमुकुट' (१९५४) मिळाला तर तो वाचा, नाहीतर 'मकबूल' बघा, विशाल भारद्वाजने तीच गोष्ट मुंबईच्या अंडरवर्ल्डमध्ये आणलीय आणि चेटकिणींच्या जागी कुंडल्या मांडणारे दोन पोलीस ठेवलेत, ही आयडिया आठवली की मी अजून हसतो. मूळ नाटकात पहिला खून, राजाचा, करायच्या आधी मॅकबेथ किती तडफडतो, नको म्हणतो, बायको टोचते, हवेत खंजीर दिसतो, नंतर तोंडातून 'आमेन' निघत नाही. दुसरा खून, मित्राचा, तो माणसं लावून करवतो आणि बायकोला सांगत पण नाही. तिसऱ्यात मॅकडफची बायको आणि पोरं, तिथे तर विचारच नाही, मनात आलं की हात चालला पाहिजे असं स्वतःच म्हणतो. विचार आणि कृती यातलं अंतर आटत जातं आणि हात लांब जात जातो. प्रत्येक पापासमोर हे दोन आकडे मांडा, ठरवायला किती वेळ घेतला आणि स्वतःच्या हाताने किती केलं. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात लोकांना दुसऱ्या माणसाला त्याच्या प्रत्येक चुकीला शॉक द्यायला सांगायचे, ते मशीन पंधरा व्होल्टपासून सुरू व्हायचं आणि पंधरा-पंधराने चारशे पन्नासपर्यंत चढायचं, चाळीसातले सव्वीस जण शेवटच्या बटणापर्यंत गेले (शॉक खोटे होते, दाबणाऱ्यांना माहीत नव्हतं). पहिलंच बटण चारशे पन्नासचं असतं तर किती जणांनी हात लावला असता, विचार करा. लेखक चांगला असेल तर तो तुम्हाला पंधरावालं बटण दाखवतोच, फक्त ते इतकं किरकोळ असतं की आपण पान उलटतो.

मग परतीचे दरवाजे मोजा. 'हे इथेच थांबवू' असं मॅकबेथ स्वतः बायकोला म्हणालेला आहे. अश्वत्थाम्याला मामा म्हणाला, आज झोप, सकाळी धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू, मग लढू. केवढा साधा सल्ला, आपल्या आया पण हेच सांगतात, रात्री निर्णय घेऊ नकोस. त्याचं उत्तर काय, चिडलेल्या माणसाला झोप कुठली. दरवाजा कोणी उघडला आणि कोणत्या वाक्याने बंद झाला, एवढं प्रत्येक ठिकाणी लिहायचं. ज्या स्क्रिप्टमध्ये असा एकही दरवाजा नाही तिथे घसरण नाही, तिथे फक्त ढकलून दिलंय, आणि ढकललेल्याची दया येते, बाकी काही होत नाही.

उलट बाजू पण बघायची, म्हणजे ह्याचं बिघडणं कुणाच्या सोयीचं होतं. ह्याला 'घाशीराम कोतवाल'सारखं दुसरं नाटक नाही, तेंडुलकरांचं, १९७२ चं. पोटासाठी पुण्यात आलेला माणूस, चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, हाकलला जातो, सूडाची शपथ घेतो आणि कोतवाली मिळवायला स्वतःची पोरगी नाना फडणवीसाला देतो. नीट बघा, ज्याने पोरगी घेतली त्या नानाचं काही वाकडं होत नाही, सूड निघतो तो शहरावर. वरच्यावर हात टाकता येत नाही म्हणून राग खाली उतरतो, ऑफिसातून घरी येऊन पोराला ओरडणारा माणूस आपण ओळखतोच. आणि नानाला असा माणूस हवाच होता. घाशीरामचं पान एकट्याचं पान नाहीच, त्याच्या डाव्या रकान्यात नानाची सही आहे. सायकॉलॉजी करताना लोक पात्राच्या डोक्यात इतके घुसतात की खुर्ची कोणी दिली हे विसरतात.

एक वॉर्निंग, पात्राला आजाराचं नाव चिकटवू नका. नार्सिसिस्ट, सायकोपॅथ, बायपोलर, हल्ली सगळे मोबाइलवर डॉक्टर झालेत. नाव दिलं की शोध थांबतो, आणि घसरण म्हणजे काळात घडलेली गोष्ट आहे, ती एका शब्दात कशी मावेल. शिवाय जे खरंच आजारी आहेत त्यांना उगाच व्हिलनच्या रांगेत बसवता तुम्ही.

शब्द हवेच असतील तर आपल्याकडे अख्खा जिना पडलाय, गीता, दुसरा अध्याय, बासष्ट आणि त्रेसष्ट. एखाद्या गोष्टीचं सारखं चिंतन, त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छेतून राग, रागातून मोह, मग स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश, मग सगळंच गेलं. लहानपणी पाठांतरात घडाघडा म्हटलंय, पण रागानंतर लगेच बुद्धिनाश नाहीये, मध्ये स्मृती आहे, हे मला चाळिशीत कळलं. आधी आठवण जाते. आपण कोण होतो ते विसरायला होतं, आणि मग बुद्धीला धरायला काही राहत नाही. तर वहीच्या तळाशी शेवटचा प्रश्न लिहा, हा स्वतःबद्दल काय विसरला आणि कुठल्या ओळीला विसरला. दुर्योधनाचा हात धरून तह कर म्हणणारा माणूस त्या वडाखालच्या रात्री स्वतःला एकदा पण आठवत नाही, अख्खा तर्क करतो, मामाशी वाद घालतो, पण 'मीच तर तह कर म्हणालो होतो' हे वाक्य येत नाही. माझ्या मते घसरला तो तिथे. पुढे द्रौपदीची पाच पोरं, शिखंडी, उत्तरेच्या गर्भावर सोडलेलं अस्त्र, हे सगळं नुसतं उताराला लागलेलं आहे.

लिहायला बसाल तेव्हा सगळं क्रमाने सांगत बसू नका, बोअर होतं. पंधरावालं बटण कुठलं ते ठरवा, त्या एका प्रसंगापासून सुरुवात करा, मग मागे जा. आणि शक्यतो एक कंट्रोल ठेवा, म्हणजे त्याच रात्री, त्याच झाडाखाली, तेच दुःख असलेला पण तसं न वागलेला दुसरा कोणीतरी. तुलना केल्याशिवाय 'दुःखामुळे असं झालं' हे वाक्य लिहायचा आपल्याला हक्क नाही.

आमच्या ग्रुपमध्ये अश्वत्थाम्यासाठी मी कंट्रोल म्हणून कृपाचार्य दिला होता. मेहुणा गेलेला, राजा पडलेला, नुकसान तेवढंच, आणि तरी शहाण्यासारखा झोप म्हणाला. मी खुश. तर एक एफवायची मुलगी, जेमतेम अठरा वर्षांची, म्हणाली, 'दादा, पण पुढचं वाचलं का तुम्ही? हेच मामा नंतर छावणीच्या दारात उभे राहिलेत, बाहेर पळणाऱ्यांना मारतायत, आणि आग पण लावलीय त्यांनी कृतवर्म्याबरोबर.'

वाचलं होतं की, शंभरदा वाचलं होतं. डाव्या रकान्यात तिने ते लिहिलं. उजव्या रकान्यात काय लिहायचं म्हणून आम्ही सगळे पुस्तकात डोकं घालून बसलो, भाच्याला नको म्हणाल्यापासून दारात उभं राहीपर्यंत ह्या माणसाने स्वतःला काय सांगितलं असेल. तेवढा एक रकाना अजून कोरा आहे, तुम्हाला काही सुचलं तर भरा.